किलोवर विकलेलं लोखंड पुन्हा यंत्राला बसत नाही



आपल्या गोठ्यामागं किंवा विहिरीच्या काठावर एखादं जुनं ऑइल इंजिन पडून असेल. नाहीतर मोडलेलं मळणी यंत्र असेल, बंद पडलेल्या गुऱ्हाळाचा चरक असेल. महिन्या-दोन महिन्यांनी भंगाराचा टेम्पो गावात येतो. कर्ण्यावर पुकारा होतो. घरातली माणसं म्हणतात, "देऊन टाका, जागा तरी मोकळी होईल." काट्यावर वजन होतं, हातात चार नोटा पडतात आणि लोखंड टेम्पोत जातं. या व्यवहारात आपण नेमकं काय देऊन बसतो, त्याचा हिशेब आज मांडायचा आहे.

माझं काम शेतीच्या सल्ल्याचं. खत, बियाणं, कीड-रोग हे आमचे नेहमीचे विषय. पण गेली काही वर्षं शिवारात फिरताना पिकाच्या तक्रारीइतकीच दुसरी एक तक्रार कानावर येते, "साहेब, पार्ट मिळत नाही." म्हणून हा विषय घेतला.

बाजारातली ती ओळ

ज्यांचं वय आज पस्तिशीच्या पुढं आहे, त्यांना आठवडी बाजारातली एक ओळ आठवत असेल. एका बाजूला जनावरांचा बाजार, दुसऱ्या बाजूला भाजीपाला आणि मधल्या कडेला लोहाराच्या पालाजवळ गोणपाटं अंथरून बसलेली माणसं. त्या गोणपाटावर काय नसायचं? नोझल, प्लंजर, पिस्टन, रॉकर, पंपाचे पंखे, ट्रॅक्टरच्या टॉप लिंका, जीपची गिअरं, नांगराचे फाळ, मोटारसायकलीचे कार्बोरेटर. तेलानं काळे झालेले हात आणि कानावर अडकवलेली बिडी. एखादा पार्ट हातात घेऊन नुसत्या वजनावरून "हा पाच हॉर्सपॉवरचा न्हाई, साताचा हाय" असं सांगणारी ही माणसं होती.

तिथं नुसती विक्री होत नसे, अदलाबदल होत असे. एकाकडं दोन फ्लायव्हील आणि हेड नाही, दुसऱ्याकडं हेड आहे आणि फ्लायव्हील तडकलेलं. दोघं समोरासमोर बसत. "वर किती देणार?" एवढाच प्रश्न. चहा होई आणि दोघांचीही यंत्रं चालू होत. मी शाळेत असताना वडिलांबरोबर जायचो. जनावरं बघून झाली की वडिलांचे पाय आपोआप या ओळीकडं वळत. घ्यायचं काही नसलं तरी तासभर मोडायचा. कुणाचं इंजिन का बंद पडलं, कुणी कसं चालू केलं, हे सगळं तिथंच कळायचं. आमच्या खात्याचं प्रशिक्षण शिबिर जे काम करतं, ते काम ती ओळ दर आठवड्याला फुकटात करत होती.

आज बाजार भरतो. जनावरांचा भरतो, भाजीचा भरतो. ती ओळ मात्र दिसत नाही. दिसलीच तर एखादा म्हातारा दोन-चार पान्हे आणि गंजलेल्या साखळ्या मांडून बसलेला असतो.

आपल्या मातीतला धंदा

जुन्या पार्टचा बाजार आपल्याकडं उगाच वाढला नव्हता. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर शेतकऱ्यांच्या हाती दिला. १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात इंजिनं, चरक, पंप आणि त्यांचे सुटे भाग करणारे कारखाने वाढले. ओतकाम करणाऱ्या फाउंड्र्या आणि लेथवर बसणारे कारागीर एकाच रस्त्यावर असल्यानं तुटलेला नमुना सकाळी दाखवायचा आणि काही दिवसांत नवा पार्ट घेऊन जायचा, अशी सोय होती. नदीकाठी इंजिन, गुऱ्हाळावर इंजिन, पिठाच्या गिरणीत इंजिन. जिथं एवढी यंत्रं, तिथं त्यांच्या जुन्या पार्टचा बाजार आपोआप तयार होणारच.

जुनं यंत्र जपण्याची हौसही आपल्याला नवी नाही. शाही दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक मोटार दसरा चौकात येते तेव्हा माणसं सोन्याइतक्याच कौतुकानं ती गाडी बघतात. राजाराम महाराजांच्या काळातली ती गाडी. ज्या जर्मन कंपनीनं ती केली, तिनं त्या गाड्या करणं दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बंद केलं. म्हणजे तिचा पार्ट कुठल्या दुकानात मिळायचा नाही. तरी ती रस्त्यावर येते, कारण कुणीतरी ती सांभाळली. राजाच्या गाडीला जे लागू, ते आपल्या पाच हॉर्सपॉवरच्या इंजिनालाही लागू आहे.

ओळ का मोडली?

एक कारण सरळ आहे. वीज आली, विजेच्या मोटारी आल्या, इंजिनं मागं पडली. गुऱ्हाळं कमी झाली. ज्याचा वापर कमी झाला, त्याच्या पार्टचं गिऱ्हाईकही कमी झालं. यात कुणाचा दोष नाही.

दुसरं कारण ट्रॅक्टरचं. एके काळी रस्त्यावर मोजक्या जातीचे ट्रॅक्टर होते, त्यामुळं एकाचा पार्ट दुसऱ्या गावात हमखास मिळे. पुढं मॉडेलं वाढली आणि कंपन्यांची मालकी बदलत गेली. आयशरचा ट्रॅक्टर धंदा २००५ साली टॅफेकडं गेला, स्वराज २००७ साली महिंद्राकडं गेला. एचएमटीचा पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्रानं २०१६ साली घेतला. आपल्या भागात एचएमटी ट्रॅक्टर सांभाळून असलेल्या शेतकऱ्यांना विचारा, एखाद्या गिअरसाठी किती गावं पालथी घालावी लागतात.

तिसरं कारण भंगाराचा टेम्पो. पूर्वी शेतकरी स्वतः पार्ट घेऊन बाजारात यायचा. आता टेम्पो दारात येतो. दारात पैसे मिळाल्यावर ओझं उचलून बाजारात कोण नेणार? आणि टेम्पोवाल्याला क्रँक आणि तुटकी जाळी यांत फरक नाही. दोन्हीला काटा एकच. माल तसाच भट्टीला जातो.

चौथं कारण मोबाइल. ज्यांना जुन्या गाड्यांची हौस आहे, ते आता घरबसल्या फोटो बघून पार्ट मागवतात. हे आपल्याकडंच घडलं असं नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हानिया राज्यातल्या हर्शी गावात १९५५ पासून जुन्या मोटारींचा आणि त्यांच्या पार्टचा मोठा बाजार भरतो. इंग्लंडमध्ये ब्यूली इथं १९६७ पासून असाच मेळा भरतो. ही मोठी नावं टिकून आहेत, पण गावोगावचे छोटे मेळे तिकडंही ओसरले. फोटोतला पार्ट दिसतो, पण हातात घेऊन वाजवून बघता येत नाही, आणि शेजारी बसलेला जाणता माणूस तर त्या मोबाइलमध्ये नसतोच.

पाचवं कारण जरा अवघड आहे, पण बोललं पाहिजे. चोरी. नदीकाठच्या मोटारी आणि केबल चोरीला जातात, त्यातली तांब्याची तार विकली जाते, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळं जुना माल मांडून बसणाऱ्याकडं संशयानं बघितलं जातं. उत्तर प्रदेशात मेरठचा सोतीगंज बाजार जुन्या पार्टसाठी देशभर प्रसिद्ध होता. पण चोरीच्या गाड्या तिथं तोडल्या जातात, असाही त्याचा लौकिक झाला. शेवटी डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तो बंद पाडला. चोरांबरोबर सरळ धंदा करणाऱ्यांचीही दुकानं गेली. वेळेवर पावती आणि नोंदवहीची शिस्त लावली नाही की असं होतं.

आणि सहावं कारण आम्ही. होय, आम्ही खात्याची माणसं. नव्या ट्रॅक्टरला अनुदान, नव्या रोटाव्हेटरला अनुदान, नव्या पंपाला अनुदान. अर्ज भरायला आम्हीच मदत करतो आणि ते कामही चांगलंच आहे. पण जुन्याच्या दुरुस्तीला अनुदान नाही, म्हणून दुरुस्तीबद्दल आम्ही कधी बोललोच नाही. माझ्याही डायरीत नव्या यंत्रांची उद्दिष्टं आहेत. किती जुनी यंत्रं चालू राहिली, याचा रकाना नाही.

एका नोझलची गोष्ट

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आपण विसरलेलो नाही. पाणी ओसरलं तेव्हा नदीकाठच्या मोटारी चिखलात होत्या आणि विजेचे खांब आडवे झाले होते. पुढं पावसानं उघडीप दिली. ज्यांनी धीर करून पुन्हा रोपं लावली, त्यांच्यापुढं नवीच अडचण. नदीत पाणी आहे, पण उपसायला वीज नाही. करवीर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये वडिलांच्या काळचं संथ गतीचं, लिस्टर पद्धतीचं इंजिन होतं. मिनिटाला साडेसहाशे फेऱ्यांचं. हँडल मारून बघितलं तर फायर होईना. नोझल जाम झालं होतं.

शोधाशोध झाली. शेवटी बाजारात पूर्वी बसणाऱ्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींचं नाव निघालं. त्यांच्या घरी गेलो. परड्यात पत्र्याच्या डब्यांतून पार्ट लावून ठेवलेले होते, प्रत्येक डब्यात रॉकेलमध्ये बुडवलेले. त्यांनी तिसऱ्या डब्यात हात घातला आणि नोझल काढून दिलं. पैसे विचारले तर म्हणाले, "इंजिन चालू झाल्यावर या." दुसऱ्या दिवशी इंजिन धकधक करत चालू झालं. त्या एका इंजिनावर सात जणांची रोपं तगली. डिझेल सगळ्यांनी वाटून घातलं.

२०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला. त्याच इंजिनाच्या हेडला तडा गेलेला आढळला. आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. मेस्त्री वारले होते. मुलगा एमआयडीसीत कामाला. त्यानं परडं दाखवलं. तिथं मोटारसायकल लावली होती. म्हणाला, "सगळं दिलं काट्यावर. ते वळखणारं कोण हाय आता?"

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या डब्यांची किंमत ज्याला कळत होती, तो माणूस गेला होता. हेड मिळालं नाही. पुढं ते इंजिनही टेम्पोतून गेलं आणि त्या खेपेला सातातल्या तिघांनी रोपं सोडून दिली.

किंमत वजनाची नव्हे, घडणीची

बंधूंनो, लोखंड वितळवून पुन्हा लोखंड मिळतं हे खरं. पण क्रँकची किंमत त्याच्या लोखंडात नसते. तो घडवताना दिलेला आकार, लेथवरचं काम, घासून आणलेला गुळगुळीतपणा, ही त्याची किंमत. भट्टीत गेला की हे सगळं पुसलं जातं. नवा क्रँक करायला पुन्हा तेवढंच इंधन, तेवढीच मजुरी. शिवाय आज फाउंड्र्या मोठ्या कंपन्यांच्या हजारांच्या ऑर्डरवर चालतात. तुमच्या एका नगासाठी साचा करून द्यायला कुणाला वेळ नाही. म्हणजे विकताना आपण किलोचा भाव घेतो आणि लागेल तेव्हा नगाचा भाव देतो. तोही मिळाला तर.

दुसरी बाजूही ऐका

जुनं ते सगळं सोनं, असं मला म्हणायचं नाही. झिजलेलं इंजिन धूर जास्त सोडतं आणि डिझेल जास्त पितं. काही पार्ट जुने घेऊच नयेत. ब्रेकचे लायनर, स्टिअरिंगचे सांधे, रबरी सील, होजपाइप आणि बेअरिंग हे नवेच घ्यावेत. तिथं वाचवलेले दोनशे रुपये जिवावर बेततात. ऊस भरलेली ट्रॉली उतारावर असताना ब्रेक दगा देतो तेव्हा काय होतं, हे गळीत हंगामात आपण दरवर्षी बघतो.

दहा वर्षांवरचे ट्रॅक्टर सरकार भंगारात काढणार, अशी अफवा मध्यंतरी मोबाइलवर फिरली होती. काहींनी घाबरून ट्रॅक्टर मातीमोल विकले. ही अफवाच होती. २०२३ च्या सुरुवातीला केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं तसा खुलासा केला. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांसाठी होते, नंतर दर खेपेला पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येतं. पंधरा वर्षांची सक्ती १ एप्रिल २०२३ पासून आली ती सरकारी गाड्यांना. तेव्हा कुणी या नावाखाली तुमचा ट्रॅक्टर स्वस्तात मागत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

काय करता येईल?

आता नुसतं हळहळून उपयोग नाही. सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि सोसायटीचे सचिव हे पान वाचतात, म्हणून त्यांच्यापुढं काही गोष्टी ठेवतो.

१) ज्या गावात आठवडी बाजार भरतो, त्या ग्रामपंचायतीनं महिन्यातून एक बाजार ठरवून जुन्या यंत्रांच्या पार्टसाठी वेगळी जागा आखून द्यावी. पहिलं वर्षभर बाजारकर घेऊ नये. ग्रामसभेत ठराव करून हे करता येण्यासारखं आहे. यासाठी शासनाच्या आदेशाची वाट बघायची गरज नाही.

२) तिथं एक नोंदवही असावी. विकणाऱ्याचं नाव, गाव, मालाचं वर्णन, घेणाऱ्याचं नाव आणि दोघांच्या सह्या. मोटार आणि तांब्याची तार पावतीशिवाय मांडू देऊ नये. पोलीस पाटलांनी तासभर चक्कर टाकावी. चोराला वही आवडत नाही. सरळ माणसाला तिचा त्रास होत नाही.

३) विकास सोसायटीनं किंवा अवजारे बँक चालवणाऱ्या गटानं गावातल्या चालू आणि बंद यंत्रांची यादी करावी. कुणाकडं कुठलं इंजिन, कुठला ट्रॅक्टर, कुठला पार्ट शिल्लक, एवढंच. ज्या मोबाइलनं बाजार मोडला, तोच मोबाइल इथं कामाला लावावा. गावाच्या ग्रुपवर सकाळच्या शुभेच्छांऐवजी आठवड्यातून एकदा ही यादी फिरली तरी पुष्कळ झालं.

४) जवळच्या आयटीआयच्या मुलांना या बाजारात पाठवावं. जुने मेस्त्री अजून हयात आहेत. त्यांच्या शेजारी मुलं चार बाजार बसली तर पार्ट ओळखायला शिकतील. लेथवर बसणाऱ्या मुलाला एका नगाचं काम कसं घ्यायचं हे कळलं, तर त्याच्या रोजगाराचीही सोय होईल.

५) आणि शेतकऱ्यानं काय करायचं? टेम्पोला माल देण्याआधी एक दिवस थांबायचं. गावातल्या मेस्त्रीला बोलावून यंत्र दाखवायचं. हेड, क्रँक, फ्लायव्हील, नोझल, प्लंजर आणि गिअर हे काढून, रॉकेलनं धुऊन, ग्रीस लावून, गोणपाटात बांधून कोरड्या जागेत ठेवायचं. उरलेलं खुशाल काट्यावर द्या. यात फार तर चार-दोनशे रुपये कमी मिळतील.

घेताना काय बघावं?

जुना पार्ट घेताना फसगत होऊ नये म्हणून थोडं सांगतो. क्रँक किंवा कनेक्टिंग रॉड दोरीला टांगून लहान हातोडीनं हलकेच वाजवा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आत तडा असण्याची शंका घ्या. तडा बघायची दुसरी रीत म्हणजे पार्टला रॉकेल चोळा, थोड्या वेळानं कोरडा पुसा आणि वर खडूची पूड लावा. तडा असेल तर त्यातलं रॉकेल बाहेर झिरपून खडूवर ओली रेघ उमटते. गिअरचे दात टोकाला धारदार झाले असतील किंवा दातांवर बारीक खड्डे पडले असतील तर घेऊ नका. लायनर घेताना नवी रिंग आत सरळ बसवून तिच्या तोंडातली फट मोजा. फट जास्त असेल तर लायनर झिजलेला आहे. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवता येतो का, हे आधी मेस्त्रीला विचारा, मगच पैसे द्या.

शेवटी एवढंच. खंडेनवमीला आपण अवजारांची पूजा करतो. कोयता, खुरपं, पान्हा, ट्रॅक्टर, सगळ्यांना हळद-कुंकू लागतं. पण त्याच आठवड्यात घर आवरताना वडिलांचं इंजिन काट्यावर जातं, हेही मी बघितलं आहे. २ ऑक्टोबरची ग्रामसभा दसऱ्याच्या आगेमागेच येते. त्या सभेत कुणीतरी उठून हा एक विषय मांडावा. जागा आखायला फक्कीची एक पिशवी लागेल आणि नोंदवहीला पन्नास रुपये. पहिल्या बाजाराला तिघंच आले तरी चालतील. ज्या गावात हे सुरू होईल, त्या गावच्या बाजाराला मी माझं गोणपाट घेऊन येईन. वडिलांनी सांभाळलेला एक रॉकर आणि दोन नोझलं माझ्याकडं अजून आहेत.